समजूत काढायची सवय मोडावी लागेल

प्रश्न : मी ५७ वर्षांची, बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेली. नवी पेठेत आमचं जुनं घर आहे. वरच्या मजल्यावरची खोली आम्ही स्पर्धा परीक्षेच्या मुलांना कॉट बेसिसवर देतो. त्यातला एक मुलगा, परभणीकडचा, गेल्या दिवाळीत गावी गेला आणि तिथे त्याने आत्महत्या केली. निघायच्या आदल्या दिवशी जिन्यात भेटला होता. ‘काकू, आता बास वाटतंय,’ म्हणाला. मी म्हटलं, ‘असं खचून कसं चालेल? आईवडिलांकडे बघ. घरी जाऊन ये, फ्रेश होशील.’ तो हसला आणि गेला. तेव्हापासून मनात आहे, की हेल्पलाइनवर फोन घ्यायचं काम करावं. बोलण्यात मी चांगली आहे, नात्यात-शेजारात कुणाचं बिनसलं की मलाच बोलावतात. पण मानसशास्त्राची पदवी नाही. यजमान म्हणतात, ‘तू हळवी आहेस, झोप घालवून बसशील. शिवाय एखाद्याचं बरंवाईट झालं तर पोलीस आपल्या दारात येतील.’ कुणी फोनवर ‘आत्ता जीव देतोय’ म्हणालं तर काय बोलायचं, याची मला सगळ्यात भीती वाटते. मी हे काम करावं का?
— एक वाचक, नवी पेठ

ताई,

करा. मात्र आत्ता लगेच नको, आणि ‘बोलण्यात मी चांगली आहे’ या भांडवलावर तर मुळीच नको.

नात्यात कुणाचं बिनसलं की तुम्ही जाता, दोघांचं ऐकता, एकाला चार शब्द सुनावता, दुसऱ्याला चुचकारता आणि चहा होईपर्यंत प्रकरण मिटवून टाकता. अशी बाई प्रत्येक घराण्यात एक तरी लागते, यात मला शंका नाही. हेल्पलाइनवर मात्र हाच गुण सगळ्यात आधी आडवा येतो. सल्ल्याचं सदर चालवणारीने हे सांगावं याचं तुम्हाला हसू येईल. मी स्वतः काही वर्षं असे फोन घेतलेत. सदरातली मी आणि फोनवरची मी, या दोन वेगळ्या बायका होत्या. इथे तुम्ही विचारता नि मी सांगते, त्याचेच मला पैसे मिळतात. तिथे कुणी ‘मी काय करू, तुम्हीच सांगा’ म्हणून रडलं तरी सांगायचं नसतं.

पदवीचं आधी उरकून टाकते, कारण ते सोपं आहे. लागत नाही. या कामाची सुरुवातच पदवी नसलेल्यांनी केली. १९५३ साली लंडनमध्ये चॅड वाराह नावाच्या पाद्र्याने आपल्या चर्चमध्ये फोन ठेवला आणि जाहीर केलं, की जीव द्यावासा वाटत असेल त्याने मला फोन करावा, भेटायला यावं. लोक इतके यायला लागले, की बाहेर थांबलेल्यांना चहा द्यायला, त्यांच्यासोबत बसायला त्याने मदतीला माणसं घेतली. थोड्याच दिवसांत त्याच्या लक्षात आलं, की पुष्कळजण चहा देणाऱ्यांशीच बोलून हलके होतात आणि आत त्याच्यापर्यंत न येताच परत जातात. १९५४ च्या सुरुवातीला त्याने हे काम या स्वयंसेवकांच्याच हाती सोपवलं. तीच पुढे ‘समॅरिटन्स’ ही संस्था. आपल्याकडे डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी १९८६ मध्ये चेन्नईत ‘स्नेहा’ सुरू केली, आणि पुण्यात ‘कनेक्टिंग ट्रस्ट’ २००५ पासून आहे. तुम्ही चौकशी करायची ती इथे. १४४१६ हा सरकारच्या ‘टेली-मानस’चा नंबर, तिथे नेमलेले समुपदेशक असतात, स्वयंसेवकांचं काम नाही. तो चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. हे वाचणाऱ्या कुणाला स्वतःसाठी हवा असेल तर आत्ताच लावा, सदर नंतर वाचा.

वाराहची आणखी एक गोष्ट, खास तुमच्यासाठी. १९३५ साली, नवखा पाद्री असताना, त्याला एका कोवळ्या मुलीचा दफनविधी करावा लागला होता. तिला पाळी सुरू झाली होती. आपल्याला गुप्तरोग झालाय असं समजून तिने जीव दिला होता. म्हणजे त्याच्या कामामागेही एकच मूल होतं. पण दफन १९३५ चं आणि फोन १९५३ चा. अठरा वर्षं थांबा असं मी म्हणत नाही. गेल्या दिवाळीपासूनचे हे काही महिने मात्र फार थोडे आहेत.

का, ते सांगते. मुलाखतीत तुम्हाला नक्की विचारतील, की जवळचं कुणी असं गेलंय का, कधी गेलं. सांगितलंत तर बहुधा थोडं थांबायला सांगतील. ती नापसंती समजू नका. तुम्ही आत्ता फोन घ्यायला बसलात तर येणाऱ्या प्रत्येक आवाजात त्या मुलाला शोधाल. पलीकडची बाई नवऱ्याच्या दारूबद्दल बोलत असेल आणि तुम्ही मनात जिन्यात उभ्या असाल. शिवाय त्याच्यासारखी मुलं तुम्हाला वाटतात तितकी भेटणारही नाहीत. २०२२ साली महाराष्ट्रात २२,७४६ आत्महत्यांची नोंद झाली, देशात सगळ्यात जास्त. पण देशभरातली कारणं बघितली तर कौटुंबिक प्रश्न जवळपास ३२ टक्के, आजारपण १८ टक्क्यांच्या वर, आणि परीक्षेतलं अपयश जेमतेम सव्वा टक्का. जीव देणाऱ्या दर चौघांत एक रोजंदारीवरचा. पेठेत राहून आपल्याला हे दिसत नाही, कारण आपल्या खालीवर सगळ्या अभ्यासिका आणि मेस.

आणि त्या जिन्यातल्या वाक्याबद्दल. एका वाक्याने कुणी जात नाही, आणि ताई, दुसरं एखादं वाक्य बोलला असतात तर तो राहिलाच असता, असंही मी म्हणणार नाही. कुणाला ते माहीत नाही. माणूस त्या टोकाला जातो तेव्हा कितीतरी गोष्टी एकात एक गुंतलेल्या असतात, आणि तुमच्या वाट्याला त्यातला एक मिनिट आला. त्या मिनिटात तुम्ही जे बोललात तेच शंभरातल्या नव्वद आया बोलल्या असत्या. पण हे मी कितीही लिहिलं तरी तुमच्या आत उतरायचं नाही. म्हणून माझा पहिला सल्ला असा, की हेल्पलाइनला एक फोन तुम्हीच करा. ‘मला काम करायचंय’ म्हणून करायचा तो फोन नंतर. आधीचा फोन ‘माझ्या घरातला मुलगा गेला आणि मला चैन नाही’ म्हणून. असं दुःख सांगायलाही हे फोन असतात. पलीकडचा माणूस काय करतो याकडे तेव्हा मुद्दाम लक्ष देऊ नका. ते आपोआप कळेल.

अजून एक. खोली कॉट बेसिसवर आहे, म्हणजे त्याच्याबरोबर आणखी कुणी राहत असणार. पत्रात त्याचा उल्लेख नाही. तो अजून वर असेल तर त्याच्याशी कुणी त्या मुलाचं नाव काढून बोललंय का? या मुलांना गावाकडे बोलता येत नाही, खोलीत एकांत नाही, मेसच्या टेबलावर कटऑफशिवाय विषय नाही. त्याला खाली बोलवा, पोहे करा, आणि एवढंच म्हणा, ‘मला त्याची फार आठवण येते रे, तुला येते का?’ मग गप्प बसा. याला ट्रेनिंग लागत नाही. त्याच्या बोलण्यात स्वतःबद्दल काही वेडंवाकडं जाणवलं तर मात्र एकटीने पेलू नका, १४४१६ त्याच्यासमोर त्याच्या फोनवर लावून द्या.

आता प्रत्यक्ष काम काय असतं ते. खऱ्या फोनची गोष्ट मी सांगणार नाही. शिफ्ट सोडून कितीही वर्षं झाली तरी तो नियम सुटत नाही. ट्रेनिंगमधला खोटा फोन सांगते. दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून ठेवतात, म्हणजे चेहरा दिसत नाही. एकीवर शिकवणारी बसते, ती कॉलर. दुसरीवर त्या दिवशी आमच्या बॅचमधले निवृत्त मुख्याध्यापक होते.

‘हॅलो, बोला.’

‘काही नाही. सहज लावला.’

‘हं.’

‘झोप येत नाहीये तीन-चार दिवस.’

‘रात्री चहा-कॉफी घेता का?’

शिकवणारीने हात वर केला. सर म्हणाले, का, बरोबर तर विचारलं. पुन्हा पहिल्यापासून.

‘झोप येत नाहीये तीन-चार दिवस. घरात सगळे झोपतात. मी आपली गॅलरीत.’

‘झोपण्याआधी दहा मिनिटं अनुलोम-विलोम—’

पुन्हा हात. सगळे हसले, सरही हसले. तिसऱ्या खेपेला त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले. बराच वेळ गेला. मग म्हणाले, ‘गॅलरीत एकट्याच असता.’ यात प्रश्न नव्हता, तोडगा नव्हता, तिचेच शब्द तिला परत दिले होते. आणि त्यावर ती बोलायला लागली. नवऱ्याने न सांगता काढलेलं कर्ज, दारात येणारी वसुलीची माणसं, माहेरी सांगायची सोय नाही, असं एकेक. सर नुसतं ‘हं’ म्हणत होते. पाच मिनिटांनी त्यांनी कर्जाचे हप्ते बांधून घेण्याचा विषय काढलाच, ते सोडा. पण ती पाच मिनिटं आम्ही सगळ्यांनी पाहिली.

तोडगा दिला की पलीकडचा माणूस बहुधा वाद घालत नाही. ‘हो, बरोबर आहे तुमचं, करून बघते,’ म्हणतो आणि फोन ठेवतो. नवख्याला वाटतं, वा, काम झालं. ट्रेनिंगमध्ये हे ‘हो, बरोबर आहे’ ओळखायला शिकवतात. माणूस सौजन्याने निसटत असतो. ‘आईवडिलांकडे बघ’ हेही त्यातलंच. जो आधीच घरच्यांच्या पैशांचा हिशेब करून दबलाय, त्याच्या मानेवर आपण आणखी एक पाटी ठेवतो. ‘आता बास वाटतंय’ यावर विचारता येतं ते एवढंच, ‘बास म्हणजे? सांगशील जरा?’ शिकल्याशिवाय हे कुणालाच सुचत नाही, मलाही सुचत नव्हतं. तेव्हा यावरून स्वतःला आणखी बोल लावत बसू नका.

गप्प बसणं सगळ्यात अवघड जातं, निदान आपल्याकडे. पुण्यात दोन माणसं एका बाकावर बसली आणि दोन मिनिटं गप्प राहिली तर तिसरा येऊन विचारतो, भांडलात का. फोनवरची शांतता रिकामी नसते, हे हळूहळू कानाला कळतं. मागे पंखा कुरकुरत असतो. कुणी मोरीत नळ सोडून बोलतो, घरात ऐकू जाऊ नये म्हणून. कुणी बसमधून बोलतो, कारण दिवसभरात तेवढाच वेळ त्याच्या मालकीचा असतो. गणपतीत ढोल इतके वाजतात की अर्धं वाक्य जातं, आणि ‘परत सांगाल का’ असं विचारायला जिवावर येतं, कारण ते वाक्य एकदा बोलायलाच त्याला आठवडा लागलेला असतो. तरी विचारायचं.

‘आत्ता जीव देतोय’ असं कुणी म्हणालं तर. तुमची खरी भीती ही आहे, म्हणून नीट लिहिते. असे फोन रोज येत नाहीत. बहुतेक माणसं आडून बोलतात, ‘मी नसलो तर बरं होईल सगळ्यांचं’, ‘झोपावं आणि उठूच नये’, असं. तिथे आपण सरळ विचारायचं असतं, ‘जीव द्यावा असं मनात येतंय का?’ पहिल्यांदा हे विचारताना जीभ जड होते. आपणच त्याच्या डोक्यात भरवतोय असं वाटतं. तसं होत नाही. तो विचार तिथे आधीपासून असतो किंवा नसतो. असेल तर, कुणीतरी न दचकता तो शब्द उच्चारला, याचंच माणसाला हायसं वाटतं. मग आत्ता कुठे आहात, बरोबर कुणी आहे का, काही ठरवलंय का, हाताशी काही आहे का, असेल तर ते थोडं लांब ठेवाल का, आपण बोलेपर्यंत तरी. शपथा घालायच्या नाहीत, मुलांची आठवण करून द्यायची नाही. घरातल्या किंवा ओळखीच्या कुणाला बोलवायचं का, हे त्यालाच विचारून ठरवायचं. जीव आत्ता धोक्यात असेल तर गुप्ततेचा नियम किती आणि कसा सैल करायचा, ११२ केव्हा लावायचा, हे संस्थेने आधीच ठरवून ठेवलेलं असतं. शिफ्टवर अनुभवी माणूस असतो, त्याला खूण केली की तो शेजारी येऊन बसतो. हा निर्णय एकट्या ताईंवर कुणी टाकत नाही. टाकणारी संस्था भेटली तर तिथे काम करू नका.

यात तुम्हाला सगळ्यात जास्त जड जाईल ते वेगळंच आहे. फोन ठेवल्यावर पुढे काय झालं, हे कळत नाही. त्याचा नंबर टिपून ठेवायचा नाही, आपला द्यायचा नाही, भेटायचं नाही, दुसऱ्या दिवशी ‘कसे आहात’ म्हणून फोन करायचा नाही. शेजारपाजारचं मिटवणाऱ्या बाईला शेवट बघायची सवय असते. इथे शेवट दिसत नाही. चांगली चांगली माणसं या एका गोष्टीपायी काम सोडून गेलेली मी पाहिलीत. ज्यांना ते सहन होतं, ती टिकतात, आणि ती हुशारच असतात असं नाही.

बाकीचं पटकन सांगते. ब्लँक कॉल येतात, कुणीच बोलत नाही, नुसता श्वास. काही वेळ थांबायचं, ‘मी आहे, सावकाश बोला’ म्हणायचं. रोज त्याच वेळी तोच फोन करणारेही असतात. त्यांना किती वेळ द्यायचा याची शिस्त असते आणि ती मोडली की आपलंच नुकसान. घाणेरडं बोलायला फोन करणारे पुरुषही असतात. बायकांचा आवाज ऐकला की त्यांना जोर येतो. फोन ठेवून द्यायचा, आणि त्यावर मन खात बसायचं नाही, ‘हाही बिचारा दुःखी असेल’ वगैरे तर अजिबात नाही.

पोलिसांचं. हेल्पलाइनवर फोन घेतला म्हणून पोलीस ऐकणाऱ्याच्या दारात येऊन बसतात, असा माझा तरी अनुभव नाही. तुमच्या यजमानांच्या मनात, आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा ठरवणाऱ्या जुन्या ३०९ कलमाचा धाक असेल. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या ११५ व्या कलमाने, आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरायचं आणि तिच्यावर खटला चालवायचा नाही, असं ठरलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, त्यात ते जुनं कलम सरसकट ठेवलेलंच नाही; सरकारी नोकरावर दबाव आणायला असा प्रयत्न करणं एवढाच गुन्हा उरलाय. कॉलरलाही हे सांगावं लागतं कधी कधी, कारण ‘केस होईल’ या भीतीने लोक डॉक्टरकडे जात नाहीत.

झोपेबद्दल मात्र यजमानांचं सगळंच चूक नाही. पहिले काही महिने आवाज घरी येतात. म्हणून शिफ्ट संपली की जड गेलेला फोन सहकाऱ्यापाशी किंवा वरिष्ठापाशी बोलून मोकळा करायचा असतो, तसाच घरी न्यायचा नसतो. ‘मला काही झालं नाही, मी ठीक आहे’ म्हणून जो हे टाळतो तो लवकर थकतो, आणि बँकेत इतकी वर्षं काढलेल्या बायका हे टाळण्यात पटाईत असतात. हळवेपणा आड येत नाही. हळवं माणूस रडेल, पाणी पिईल, पुढचा फोन घेईल. ज्याला दुसऱ्याचं रडणं बघवत नाही म्हणून तो ते लगेच थांबवायला धावतो, त्याचं अवघड असतं. तुम्ही यातल्या कोण, ते ट्रेनिंगमध्ये तुमच्याआधी शिकवणाऱ्यांना कळेल. तुम्ही या कामाच्या नाही असं त्यांनी सांगितलं तर मान्य करा. संस्थेला हिशेब बघणारं माणूसही लागतंच, आणि तुम्ही बँकेतल्या आहात.

तर क्रम असा ठेवा. स्वतःचा फोन आधी. येती दिवाळी घरी जाऊ द्या, ती तशीही सोपी नसणार. त्यानंतर संस्थेत जाऊन पुढची ट्रेनिंगची बॅच केव्हा, आठवड्याला किती तास द्यावे लागतात, किमान किती महिन्यांची बांधिलकी मागतात, हे विचारा. मुलाखतीत त्या मुलाबद्दल लपवू नका. आणि यजमानांना दोन गोष्टी आत्ताच सांगून ठेवा. शिफ्टवरून आल्यावर ‘आज काय झालं, कुणाचा फोन होता’ हे त्यांनी विचारायचं नाही, विचारलं तरी तुम्ही सांगणार नाही. आणि त्या दिवशीचा रात्रीचा स्वयंपाक त्यांच्याकडे. मुगाची खिचडी चालेल.